खालची गोदावरी, केदारची लाँच

९ डिसेंबर, मनमाड
गाडी लेट. सौ. पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, खाली ठेवायला तयार नाही. आत केदारसाठी चिवडा, दशम्या, मेतकूट. तीन वर्षांनी लेकाला बघणार, त्यामुळे बाई हवेत.
माझ्या मेहुणीनं गंगापूर रोडच्या घरी बसून मोबाईलवर सगळं बुकिंग केलं. दोन दिवस केदार काम करतो ती राजमहेंद्रीची लाँच, एक दिवस बेटं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय ‘नाही’ म्हणणार होतो?

१० डिसेंबर, गाडीत
सौ. झोपलीय. एकदाचं लिहून टाकतो.
करोनात लोक अस्थी घेऊन रामकुंडावर यायला घाबरायचे. गाडीवाल्यांच्या हाती गाठोडी पाठवायचे, वर चिठ्ठी. विसर्जन, पिंड, सगळं केदारनं केलं. मी घरात कोंडून, वय झालेलं. ते संपल्यावरही वर्षभर बसला घाटावर. मग एक दिवस उठून आला आणि म्हणाला, बाबा, माझ्याच्यानं आता होत नाही, मी हे काम सोडतो. मी काय बोललो! ‘पिढ्यान्‌पिढ्यांची गादी सोडतोस, तर माझ्या लेखी मेलास.’
एवढ्यावर थांबलो असतो तर बाप तरी राहिलो असतो. दुसऱ्या दिवशी घाटावर रोजच्या तर्पणात, आमच्या गेलेल्या माणसांना पाणी देताना, त्याचंही नाव घेतलं. पहिल्या दिवशी रागानं. दुसऱ्या दिवशी हट्टानं. मग रोजच.
जिवंत पोराला रोज तिळाचं पाणी. हे सौ.ला माहीत नाही. कुणालाच नाही.
आता ठरवलंय. त्याची माफी मागायची आणि हे बंद.

११ डिसेंबर, राजमहेंद्री
धक्क्यावर आला. वाळलाय, काळवंडलाय. सौ.नं मिठीच मारली, सगळ्यांदेखत. मला रीतसर वाकून नमस्कार.
‘प्रवास बरा झाला?’
‘झाला.’
संपलं बोलणं.
नदी केवढी! पलीकडचा काठ धड दिसत नाही. आमच्याकडे पायऱ्यांवरून उड्या मारणारी हीच का ती, असं वाटलं. लाँच निघाली आणि केदारनं माईक घेतला. हिंदीत, मग तेलुगूत. ‘ये गोदावरी त्र्यंबकेश्वर से आती है, नासिक होकर.’ आपण तिथलेच, हे नाही सांगितलं. आवाज मात्र तोच, संकल्प सांगायचा. यजमान म्हणायचे, गुरुजी, तुमच्या मुलाचा आवाज ऐकून जिवाला बरं वाटतं. मी तिथं खुर्चीत बसून रडलो. सौ.ला म्हणालो, वारा लागतो डोळ्यांना.
दुपारनंतर दोन्हीकडून डोंगर जवळ आले, नदी अरुंद झाली. काठावर बांबूच्या झोपड्या, मुक्काम तिथं. जेवणात भात, परत भात. बोलायला जमलं नाही. तो सारखा माणसांत.

१२ डिसेंबर, डोंगरातला काठ
अरे देवा.
सूर्य वर यायच्या आत पाण्यात उतरलो. सवयीनं. आज नाव घ्यायचं नाही, हे मनाशी दहादा म्हटलं होतं. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दक्षिणेला तोंड. वडील, आजोबा, पणजोबा, आई, सगळे क्रमानं झाले. आणि जीभ आपली चालतेय... ‘सुतं केदारशर्माणं...’
मागे वळलो तर केदार. हातात माझा चहा.
त्याला काय समजावून सांगायचं? दहाव्या वर्षापासून त्याला हा क्रम पाठ.
‘किती दिवस?’
‘तू गेलास तेव्हापासून.’
‘रोज?’
त्यानं कप दगडावर ठेवला, हळू, सांडू न देता.
‘आईला माहितीये?’
‘नाही.’
‘तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.’
वर गेला. पाचव्या मिनिटाला माईकवर, ‘नाश्ता तयार है.’ आवाज जराही हलला नाही.
चहा प्यायलो नाही. लाज वाटते स्वतःची. शब्दच नाही दुसरा.

१३ डिसेंबर, बेटं
इथं नदीतल्या बेटांना लंका म्हणतात. नारळ, केळी, मधेच चार घरं, शाळेची पोरं होडीनं जातात. बघण्यासारखं असेल. मी कसलं बघतोय!
त्यानं आईला पुढची खुर्ची दिली, शहाळं फोडून दिलं, उतरताना हात धरला. सौ. म्हणाली, ‘अहो, किती गुणाचा आहे आपला.’ माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.
शेवटी मागे इंजिनापाशी गाठला. म्हणालो, ‘केदार, माझं चुकलं.’ इंजिनाची घरघर.
‘काय?’
परत म्हणालो.
‘काय म्हणताय?’
तिसऱ्यांदा धीर झाला नाही. ‘चहा मिळेल का?’ म्हणालो. त्यानं आणून दिला. साखर कमी, मला लागतो तसा.

१६ डिसेंबर, पंचवटी
घरी. अंग मोडून आलंय. सौ. शेजारपाजारी फोटो दाखवत फिरतेय. केदारचा फोन नाही. रोज असतो.

१९ डिसेंबर
फोन नाही. सौ.नं लावला, नुसती रिंग. ‘सीझन आहे, दमत असेल,’ असं तीच स्वतःला सांगते. मग मला, ‘तुमचं दोघांचं काही बोलणं झालं का हो तिकडे?’
‘नाही.’
हेही खोटंच.
घाटावर आज त्या नावापाशी तोंड मिटलं. ओंजळ तशीच सोडली. एवढ्यानं काय होणार? त्यानं ऐकलेलं पुसलं जात नाही.

२२ डिसेंबर
दुपारी फोन आला. सौ. स्वयंपाकघरात बोलत होती. आधी हसणं ऐकू आलं, मग नुसतं ‘हं’, ‘हं’, मग तेही नाही.
बाहेर आली. ‘सुट्टीत ये म्हटलं, तर म्हणतो, मी त्या घरात कसा येणार ते बाबांना विचार. काय केलंत तुम्ही?’
म्हणालो, जरा थांब, दोन ओळी लिहून होऊ देत.
ती समोर पाटावर बसलीय. हात मांडीवर, डोळे माझ्याकडे. चौतीस वर्षांत मी लिहीत असताना ही कधी मधे बोलली नाही, आत्ताही बोलत नाही. चांगलं पानभर लिहावं, दोन पानं लिहावीत असं वाटतंय, पण लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. वही मिटली की सांगावं लागेल.