काडी ओढणारीची सही

९ जानेवारी १९८६, राणीसावरगाव
कस्तुराबाईच्या भुवया जळाल्या! सकाळी चहाला गोबर गॅसची शेगडी पेटवायला काडी ओढली आणि सबंध स्वयंपाकघरात भडका. सुनेनं पदर विझवला म्हणून वाचली. नवरा लिंबाजी म्हणतो, "हलगर्जीपणा, दुसरं काय! कॉक उघडा ठेवला असंल."
कस्तुराबाई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "बाई, म्या बंद केल्ता. ह्या हातानं."
ग्रामसेविका म्हणून दारोदार ह्या गॅसचा प्रचार मीच केलाय ना — धूर न्हाई, डोळे चुरचुरणार न्हाईत. आज जेवण गेलं नाही.

१० जानेवारी
सापडलं! साबणाचा फेस करून नळीच्या जोडावर लावला. कॉक बंद होता. तरी फेसातून बुडबुडे — एकामागून एक, टपोरे! कॉकच्या आधीच्याच जोडातून गॅस घरात येत होता. बाई खरं बोलत होती! लिंबाजी उकिडवा बसून बघत राहिला. मी नाचायचीच बाकी.

११ जानेवारी
साबण संपला. आणखी दोन वड्या आणल्या.

१५ जानेवारी
गावातले अकरा गॅस तपासले. सात गळतात. सात! भीती वाटायला हवी, पण अंगात नुसतं वारं भरलंय — कारण आता कळलंय!
ठेकेदाराचा मिस्त्री सिताराम तणतणत आला. "बाई, तपासणीचे दाखले झालेत. मालकांच्या सह्या हायत." दाखवल्या. वर छापलेलं — 'गळती नाही.' खाली सात पुरुषांच्या सह्या. त्यातल्या एकानंही कधी शेगडी पेटवलेली नाही!
तरी जोड नव्यानं बांधून घेतलेच त्याच्याकडून. आट्यांवर सूत गुंडाळलं, त्यावर सफेद्याचा लेप, वरून पुन्हा फेस. मी उभी राहिले उन्हात, सातही होईपर्यंत.

२० जानेवारी
गॅसच्या दाखल्यासाठी नव्या नियमाचा मसुदा लिहिला. चारदा फाडला. पाचवा बरा झालाय.

२४ जानेवारी
तालुक्याला बैठक. मसुदा वाचला. बीडीओ साहेबांनी विचारलं, "मालकाची सही नको, तर मग कोणाची?"
"जी काडी ओढते तिची, साहेब."
सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "ठेवा तो कागद इथं. जिल्ह्याला पाठवतो."

१८ फेब्रुवारी
मंजूर!! आधी वर्षभर आपल्या जिल्ह्यात. जोडणी देताना फेस लावून दाखवायचा, पुढं दर सहा महिन्यांनी. आणि घरात स्वयंपाक करणारीची सही किंवा अंगठा असल्याशिवाय दाखला नाही! एसटीत एकटीच हसत होते. कंडक्टर म्हणाला, "काय बाई, लगीन जमलं का?"

२३ फेब्रुवारी, पेडगाव
रविवार म्हणून घरी आले. अप्पांनीही गॅस बसवलाय! नारळ, पेढे, अर्धी गल्ली गोळा. सगळ्यांना सांगायलेत, "नियम माझ्या लेकीचा हाय!"
मिस्त्रीनं फेस लावला. एका जोडावर बारीक बारीक बुडबुडे.
"एवढंसं तर हाय," अप्पा मायला म्हणाले. "अगं, अंगठा दे. लोक खोळंबलेत."
मिस्त्रीनं शाईची डबी उघडली. माय पदर सावरत पुढं आली. मायनं आजवर अप्पांचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. आणि मी? माझाच नियम, आणि माझ्याच तोंडाला कुलूप.

२४ फेब्रुवारी
काल पुढचं लिहवेना. मायनं डबी बाजूला सारली, मिस्त्रीच्या खिशातला पेन काढला आणि दाखल्यावर लिहिलं — 'गळतंय. सही देणार न्हाई. चन्नबसम्मा.' अप्पांनी कागद उचलून दोनदा वाचला.
"माय, तुला लिहाया येतं? कधी शिकलीस?"
"तू पहिलीत व्हतीस तवा. तुझ्याच पाटीवर."
"मग बोलली न्हाईस कधी?"
"इचारलं कोणी?"