पातळ पाने, चांगल्या पोलादाचे

कार्देनास, मे १९९४

प्रिय रेमिहियो,

इथे भेटीला आलेली दुल्से उद्या तुमच्याकडे मायामीला परत निघते. तिच्या पर्समधून हे पत्र येईल. फोनवर बोलता आलं नसतं. फोन शेजारच्या घरात आहे, आणि मी बोलते तेव्हा तुझा भाऊ एवेलियो बाजूला उभा असतो.

एवेलियोसाठी हत्यारं पाठव. सायकलीची, हातात धरून वापरायची, चांगल्या पोलादाची. काम असलं की तो आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात असतो. काम नसलं की समुद्राच्या भिंतीवर जाऊन बसतो, आणि तिथे बसणारी माणसं सध्या कशाबद्दल बोलतात हे तुला सांगायला नको. मला त्याला दुकानात ठेवायचं आहे. दुसरं काही सुचत नाही.

गेल्या वेळी पाठवलास तसा डबा पाठवू नकोस. राग मानू नकोस. निळा डबा, आत मखमल, प्रत्येक खाचेत एक चकाकणारं हत्यार. सगळी गल्ली बघायला आली होती. पहिल्याच नटावर पान्याचा जबडा फाकला. एवेलियो म्हणाला, 'रेमिहियोनं चमचे पाठवलेत गं. आता भात आणि काळा घेवडा पाठवायला सांग त्याला.' मी हसले, तोही हसला. त्यानंतर तो हसल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा नीट वाच. दुकानात गेलास की सुटी हत्यारं माग. सगळ्यात आधी चाकाच्या हबमधला कोन, म्हणजे छर्ऱ्यांवर बसणारा नट, आवळायचे पातळ पाने. इथे ते कुणाकडेच नाहीत. सगळे साधा पाना कानशीनं घासून पातळ करतात, आणि घासलेला पाना ऐन वेळी वाकतो. पातळ असून न वाकणारा हवा. जबडा उजेडाकडे धरून आतल्या दोन्ही कडा समांतर आहेत का बघ. नटावर बसवून हलव, डुगडुगला तर परत ठेव. जाड मुलाम्याचा घेऊ नकोस, मुलामा जबड्यातूनच आधी सुटतो. मापाचा आकडा रंगानं छापलेला नको, पोलादात ठोकलेला हवा. स्पोकची चावी चारही बाजूंनी पकडणारी घे, दोन बाजूंची चावी स्पोकच्या टोकाचं निपल गोल करून टाकते. चेनची पिन काढायचं हत्यार घेशील तेव्हा त्याची सुई वेगळी मिळते का विचार, कारण सुई मोडतेच. आणि ज्याला मूठ असेल त्याची मूठ जाड, रबराची असू दे. गुळगुळीत दांडा आता त्याच्या हातातून पडतो.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी इथे तो आजार आला. खाण्यात जे हवं ते नाही म्हणून येतो, असं डॉक्टर म्हणतात. पिवळ्या गोळ्या वाटल्या, आम्ही दोघांनी घेतल्या. माझ्या पायांतल्या मुंग्या गेल्या. त्याचे डोळे आणि बोटं मात्र सुधारली नाहीत. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, म्हणजे मग त्याला तोंड दिसतं.

डोळ्यांचं त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. हब तो कधी डोळ्यांनी बसवतच नव्हता. चाकाचा आस दोन बोटांत धरून फिरवायचा आणि छताकडे बघत राहायचा. छर्रा कुठे अडतो ते बोटांना कळायचं. आता बोटांना काहीच कळत नाही, म्हणून तो आस दातांत धरतो. चाक छातीशी, आसाचं टोक दातांत, आणि हळूहळू चाक फिरवतो. जबड्याला कळतं, म्हणतो. खरंच कळतं. पण समोर कुणी उभं असलं की तो हे करत नाही.

मार्चमध्ये ओलिंपिया सायकल घेऊन आली. ती शाळेत शिकवते, घाईत होती, समोरच उभी राहिली. त्यानं चाक बोटांनीच बसवलं. कोन जास्त आवळला गेला. बाजाराजवळ पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि ती हँडलवरून पुढे गेली. खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून आली तेव्हा म्हणाली, 'एवेलियो, चाक दुरुस्तीला दिलं होतं रे, माझा खांदा नव्हता दिला.' बिचारीनं थट्टेवारी नेलं. तो आत गेला. तेव्हापासून जे थोडे लोक येतात ते दारातच मला विचारतात, 'कोण बसवणार, तू की तो?' मी बसवते. तो बाकावर बसून सांगतो, 'घट्ट नको, सैल नको.' म्हणजे किती, ते मला विचारवत नाही.

मग भिंतीवरची हत्यारं कमी होऊ लागली. आधी फ्रीव्हील काढायचं गेलं, मग मोठा पाना, मग तुमच्या वडिलांचा शिकंजा. विचारलं की म्हणायचा, 'उसना दिलाय.' परवा तो शिकंजा मला सेनोबियोच्या दुकानात दिसला. मी म्हटलं, हा आमचा आहे. सेनोबियो म्हणाला, 'तुमचा होता, नेरेइदा. बदल्यात ट्रकच्या ट्यूब नेल्या त्यानं. मी म्हटलं, अरे, तुझ्याकडे ट्रक कुठाय? तर म्हणाला, येतोय.'

ट्यूब पलंगाखाली आहेत. शेजारी तराफा बांधायला पुरेल एवढा दोरखंड आहे. फोडाव्यात असंही मनात आलं, पण मी फोडल्या तर तो जोडेल. पंक्चर काढणं त्याला अजून जमतं. रेमिहियो, नव्या वर्षाच्या फोनवर तू त्याला म्हणालास, 'इथे कामावर माझ्या शेजारचा बाक रिकामाच आहे, ये.' तू प्रेमानं म्हणालास. तो तेव्हापासून मनानं त्या बाकावरच आहे. इथली दुरुस्ती त्यानं सोडून दिली ती त्यासाठी. त्याला समोरचा तारा दिसणार नाही. येणारं जहाज दिसणार नाही. दोरी हातात आहे की सुटली, हे त्याला कळणार नाही. त्याला लिही की बाक गेला. मालकानं दुसरा माणूस घेतला म्हण, नाहीतर तूच सरळ म्हण की मला तू इथे नकोस. मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे कडेनं का होईना त्याला स्वतःला वाचता येईल. मी वाचून दाखवलं तर मी घडवून आणलं म्हणेल. हत्यारं मागाहून आली तरी चालतील, पत्र आधी येऊ दे. जो कुणी पहिला इकडे येत असेल त्याच्या हाती दे. एवेलियो तुला शिव्या देईल. कदाचित पुन्हा कधी तुझ्या फोनवर येणार नाही. नाही आला तर फोनवर मी येईन, आणि तुला सांगेन की तो घरात आहे आणि तुझं नाव काढू देत नाही.

तुझी वहिनी,
नेरेइदा