सुकेळ्यांची फिकी बाजू

गुरुजी,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकायला तुम्ही आता हयात नाही म्हणूनच इतक्या धीटपणे करतो आहे. तुम्ही आम्हाला शब्दरूपं उभं राहून म्हणायला लावलीत. परिणामी आज पंचेचाळिशीतही मला श्लोक आठवायचा तर उठावं लागतं. परवा एका पंगतीत श्लोकाचा आग्रह झाला. मी उभा राहिलो, वाढप्याला वाटलं माझं जेवण आटोपलं. श्लोक संपेपर्यंत पान उचललेलं होतं, जिलबीसकट.

हे झालं प्रास्ताविक. लिहायचं आहे ते तुमच्या आगाशीच्या अंगणाबद्दल. युद्धाचे दिवस, साखर रेशनवर, आणि तुमच्याकडे सुकेळी करायला सोललेली राजेळी केळी चटयांवर उन्हात वाळत पडलेली. मी रोज शाळेआधी तुमच्याकडे संस्कृतला येतो, आणि नेमक्या त्याच कारणाने वर्गात मला कोणी विचारत नाही. अर्नाळ्याचा एक दांडगा मुलगा होता, आठवतो? त्याच्या बाकावर जागा मिळावी म्हणून सगळा वर्ग धडपडायचा. तो मला म्हणाला, "ए पंडित, गुरुजींच्या अंगनात रोज जातोस ना? मग सुकेळी आन. नायतर बस रामौ-रामाः करत एकटाच." मी आणली. एकदा नव्हे, तीन दिवस.

एका अंगाला पुरेसं ऊन लागून ते तांबूस झालं की मगच केळी उलटायची असतात, हे मला कुठे ठाऊक? चोरीची जागा दिसू नये म्हणून मी उरलेली सरकवून रांग सारखी करायचो. त्या गडबडीत काही पालथी पडली, फिकी बाजू वर. मला वाटलं, काम चोख झालं. चौथ्या दिवशी मी आलो तेव्हा काकू नंदाखालहून केळी सोलायला येणाऱ्या ख्रिस्ती बाईंवर तापल्या होत्या.

"अगं, ही आज उलटायची नव्हती! आणि कमी कशी झाली?"

"मी हात नाय लावला, बाय. जेजूची आन."

"मग काय कावळ्यांनी उलटून ठेवली?"

कुंपणापलीकडे पोरं माझी वाट बघत उभी होती. ती हसली. ती हसली म्हणून मीही हसलो, जरा जास्तच. तुम्ही मला ओसरीवर बोलावलंत. "तुला काही सांगायचंय?" मी म्हणालो, नाही. "नक्की?" मी कुंपणाकडे पाहिलं. "नक्की, गुरुजी." तुम्ही म्हणालात, "बरं. आज रूपं बसून म्हण." एवढीच शिक्षा. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मला त्या बाकावर खिडकीजवळची जागा मिळाली, आणि ती मी वर्षभर सोडली नाही, हेही सांगून टाकतो.

आता माझा मुलगा त्याच वयाचा आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गातल्या मुलांनी मास्तरांच्या सायकलची हवा सोडली आणि आळ आला शाळेच्या शिपायावर. मुलाने उभं राहून खरं सांगितलं. तेव्हापासून त्याच्याशी कोणी बोलेना, डबाही तो एकटाच खायचा. मला म्हणाला, "बाबा, माझं चुकलं का?" सत्य, धर्म वगैरेंचा माझ्याकडे भरपूर साठा आहे, सगळा तुमचाच. तो सगळा बाजूला ठेवला. मी म्हणालो, "पुढच्या वेळी गप्प बस. मुलांमध्ये राहायचंय ना तुला?" तो लगेच "बरं" म्हणाला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

हे पत्र मी बायकोलाही दाखवणार नाही. आज मुलगा शाळेतून आला तो चार मित्रांबरोबर खांद्यांवर हात टाकून, हसत. भांडण मिटलं म्हणाला. कशाने मिटलं, ते मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.