नंबर नसलेलं बाळ

प्रिय धाकट्या,

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं येणार. चालवून घे. गेल्या महिन्यात जेवताना तू अगदी आरामात म्हणालास, "ताई, हक्क कुणी पोटातून घेऊन येत नाही. कायदा देतो, कायदाच काढून घेतो." तरी मी तुझ्या पानात वाढत राहिले, तेच चुकलं माझं. अरे, बत्तीस वर्षं मी प्रसूतीच्या वॉर्डात नर्स आहे. पोटातून कोण काय घेऊन येतं, ते तू मला सांगतोस होय?

तू मंत्रालयात बसून मसुदा केलेलं ते कलम सोमवारपासून आमच्या वॉर्डच्या भिंतीवर लागलंय. आईकडे ओळखीचे कागद नसतील तर बाळाची नोंद करायची नाही. नोंद नाही म्हणजे पायाला बांधायची नंबरपट्टी नाही, आणि नंबर नसला की ऊब देणारी काचेची पेटी मिळत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं! तूही आठव्या महिन्यात झालास. अशाच पेटीत सतरा दिवस होतास, आणि मी काचेला नाक लावून उभी असायचे. तेव्हा कुणी आपल्या आईकडे कागद मागितले नाहीत.

बुधवारी एक मुलगी झाली. दीड किलोची, ओठ निळे. आई चार घरची धुणीभांडी करते, तिचे कागद पुरात गेले. पेटी रिकामी होती. नीट ऐक, रिकामी होती, आणि डॉक्टर भिंतीकडे बोट दाखवून निघून गेले. त्या बाईने माझा हात धरला. "नाव कुणाचंही लिहा, पण तिला उबेत ठेवा." मग माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आईच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. वय सत्तावन्न, लग्न नाही, आणि कन्यारत्न! क्लार्कला ठसकाच लागला. पण पट्टी निघाली. पोरीचे ओठ आता गुलाबी झालेत, खऱ्या आईचं दूध नळीने घेतेय. माझ्यावर चौकशी लागलीय आणि फाइल तुझ्याच टेबलावर येणार आहे. मला वाचवू नकोस, नोकरी गेली तर गेली. पण नोंद खोडलीस तर पोरगी पेटीबाहेर येईल, आणि तिला अजून तीन आठवडे तरी ती लागणार. म्हणून सही करण्याआधी इथे ये, तिला डोळ्यांनी बघ. कागदावर असतं तेच खरं, असं तूच म्हणतोस ना? मग कागदावर तू तिचा मामा आहेस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई