कानात ऐकलेलं युद्ध

दुसरबीड

नारायणदादा,

माह्या डिंपलनं आपल्या या मायले मोबाइलवर पुस्तकं ऐकाले शिकवलं. भेंडी तोडता तोडता ऐकतो. खऱ्या खुनाच्या तपासाचं पुस्तक आवडते, पण खुनी मी अर्ध्यातच ओळखतो. युद्धाच्या पुस्तकापुढं मात्र माही अक्कल चालत नाही.

काल बर्फातल्या चौकीचं ऐकलं. जवानाइच्या पायाची बोटं काळी पडून गळली, तरी त्याइनं चौकी सोडली नाही. एक जण दोस्ताचे गारठलेले पाय रातभर आपल्या पोटाशी धरून बसला. ऐकून मी वावरातच खाली बसलो, दादा. माणूस एवढं सोसू शकते?

मंग डिंपलचं लग्न आठवलं. तू मंडपात बूट काढले नाही, अन् मी चारचौघात बोललो, "फौजेत गेला म्हणून देवापुढंबी बूट?" तू "चुकलं बाई" म्हणून न जेवता मेहकरले निघून गेला. सहा वर्षं झाली.

आज वहिनीले फोन लावून तुह्या पायाचं विचारलं. ती म्हणे, "दोन्ही पायाची बोटं बर्फात गेली, बाई. कोणाले सांगू देत नाही."

हे पत्र मी टाकत नाही. वाचून तू "काही नाही झालं" म्हणशीन. उद्या सकाळच्या एसटीनं मीच येतो. माफी मले लिहून मागता येत नाही.

तुही लहान बहीण,
गीता