देव्हाऱ्यावरचा सरस

अमरावती, ११ जानेवारी १९६३

प्रिय अनू, अनेक आशीर्वाद.

आईच्या वर्षश्राद्धाला गोवर्धनरावांना घेऊन येऊ का, असं तू विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलं नाही. अकोल्याचा, चपला शिवणाऱ्या घरचा जावई तुझ्या दर्यापूरच्या आत्याला पंगतीत चालणार नाही, हे तुझ्या लग्नापासून सांगत आलो. पुन्हा तेच लिहायला हात धजेना.

मधल्या काळात मी देव्हारा दुरुस्तीला घेतला. त्याचा एक खांब हलतो, असं तुझी आई दहा वर्षं म्हणत होती. जानराव सुताराकडून लाकूड चिकटवायचा सरस आणून गरम केला. बोटभर लागणार होता, मी वाटीभर ओतला. जन्मभर गणित शिकवून हा अंदाज. खांब पक्का बसला, पण सरस ओघळून पायऱ्यांवर पिवळा वाळला. तेही चाललं असतं; पण जानराव बघायला आला आणि सहज बोलून गेला की सरस जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात. आठवड्यानं आत्या श्राद्धाच्या तयारीला येणार होती.

देव कोनाड्यात हलवले. चाकूनं खरवडलं, तर लाकूड निघालं आणि सरस राहिला. रॉकेल लावलं, तर देवघराला कंदिलाचा वास लागला. शेवटी जानरावनंच सांगितलं, गरम पाण्यात फडकं पिळून वर ठेवा, सरस मऊ होईस्तोवर बसून राहा, मग बोथट उलथन्यानं अलगद काढा. म्हणून रोज सकाळी मी रिकाम्या देव्हाऱ्यासमोर तासतासभर बसू लागलो. शेजारच्या सुभद्राबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि बायको गेल्यावर मास्तर विरक्त झाले, असं आळीभर केलं. आळीतले खुशालराव तर आपल्या मुलाचं लग्न कधी जमेल ते विचारायला आले. माझं लक्ष फडक्याकडे. मी म्हणालो, अजून कडक आहे, थोडं थांबा. ते नमस्कार करून गेले.

आत्या एक दिवस आधीच आली. उलथनं माझ्या हातातच होतं, त्यामुळे सगळं सांगावं लागलं.

"अरे, आपल्या आबानं हा देव्हारा सरसानंच जोडला होता. डबा मीच ढवळत होती. काहून खरवडून राहिला?"

तुला चालणार नाही म्हणून, मी म्हणालो.

"मले इचारलं होतं का तू?"

मी फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं. तिनं फडकं माझ्या हातातून घेतलं, उरलेल्या ओघळावर ठेवलं आणि शेजारी बसली. फडक्यावरून ओघळ चाचपत म्हणाली, "चिंत्या, अनूच्या नवऱ्याचंही तू असंच केलं का?"

अनू, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. नको मलाच होतं. नाव तिचं पुढे केलं. आत्या म्हणते, विचारलं असतं तर ती भांडली असती, चार दिवस माझ्याकडे जेवली नसती आणि पाचव्या दिवशी जेवली असती. तुझ्या आईनं माझं खरं मानलं. जावयाला एकदा जेवू घालायचं राहूनच ती गेली. तिची माफी मागायची सोय उरली नाही, तुझी मागतो. दोघंही या. पंगतीत आत्याच्या शेजारचं पान गोवर्धनरावांचं, हे तिनंच ठरवलं आहे.

त्यांना वेगळं पत्र लिहून ठेवलं आहे, अजून टाकलेलं नाही. वर 'चि. गोवर्धन' असं लिहिलं आहे. त्यांना चालेल का, ते त्यांनाच विचारून कळव.

तुझेच,
बाबा