वाट्याने दिलेली कोंबडी

आटगाव,
१२ डिसेंबर २००३

प्रिय शीतल,

बाबांच्या हातातली टोपली उतरवून घे, पण वरचं फडकं सोडू नकोस. आधी त्यांना पाणी दे, मग हे पत्र घेऊन गोठ्यामागे जा आणि एकटीच वाच. वाचून झालं की चुलीत घाल. टोपलीत ठिपकी आहे, हे तिच्या गुरगुरण्यावरून तुला कळलंच असेल. खुडूक बसलीय, हात घातलास तर टोचेल. पिशवीत भाताच्या तुसात अंडी आहेत, तीही तिचीच. पिशवी आपटू देऊ नकोस. तुझ्या बाबांना मी तीनदा बजावलंय, तरी एसटीत त्यांनी ती मांडीवर ठेवली की पायाशी, देव जाणे.

सोमवारी सूरजच्या शेडवर नवी पिल्लं उतरणार आहेत, आणि त्याआधी आपल्या अंगणात एकही गावठी कोंबडी दिसता कामा नये, असा कंपनीचा हुकूम आहे; गावठीचा रोग शेडमधल्या पिल्लांना लागतो म्हणे. दिसली तर गाडी तशीच माघारी जाईल. म्हणून ही धावपळ. तू शेड अजून पाहिलीच नाहीस. खळ्याच्या मागच्या अंगाला आहे, आपल्या घराहून लांब. मुंबईहून खोक्यांतून पिल्लं येतात, एका दिवसाची, पिवळीधम्मक. पिल्लं त्यांची, खाणं त्यांचं, औषध त्यांचं. आपली नुसती जागा आणि मेहनत. रात्रभर दिवे जळत असतात, म्हणजे पिल्लांनी झोपू नये, खात बसावं. सव्वा महिन्यात वजन भरलं की गाडी येते आणि शेड मोकळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सूरजला म्हटलं, अरे, यांना आई नाही, तर यांना खायला शिकवतं कोण? तो हसला. म्हणाला, आये, यांना दुसरं काय येतच नाय.

मला मेलीला तेच खुपत राहिलं. येतच नाही म्हणजे काय? कोंबडीच्या जातीला उकरता येत नाही, असं कधी झालंय का? तुला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी तू प्रश्न विचारून मास्तरांना भंडावायचीस, तेव्हा सगळे म्हणायचे, पोर आईवर गेली. तर वाल्मिक म्हणून कंपनीचा एक पोरगा दर आठवड्याला मोटारसायकलवरून येतो, पिल्लं तपासून जातो. त्याला मी चहा देते आणि धरून बसवते. त्याला विचारलं, सुया तुझ्या कोंबड्यांना टोचाव्या लागतात, मग रोगी माझ्या कोंबड्या कशा? पोरगा गुणाचा. चिडला नाही. म्हणाला, काकी, तुमची कोंबडी रोग अंगावर काढते, दोन दिवस झिमते आणि उठते. आमच्या एकाला झाला की सगळी शेड आडवी. त्याचं बोलणं खरं होतं. मला पटलं, म्हणून जास्तच राग आला. जिला काही होत नाही तिनं घर सोडायचं, आणि जी नाजूक तिनं राज्य करायचं!

पण हे सगळं अंगावर आणलं ते मीच. गेल्या खेपेच्या पिल्लांत एक लंगडं निघालं. अशी पिल्लं बाजूला काढून टाकतात. मी पदराखाली घालून घरी आणलं. ठिपकीची पिल्लं तेव्हा नुकतीच फुटली होती. दिवेलागणीला, तिला नीट दिसेनासं झाल्यावर, हळूच तिच्या पंखाखाली सरकवलं. सकाळी बघते तर बाईनं ते आपलं म्हणून मोजलेलं! बाबा म्हणाले, तुला उद्योग नाहीत.

आणि मग शीतल, मी रोज चुलीवरचं सोडून अंगणात बसायला लागले. ठिपकी उकरायची, तिची पिल्लं तुटून पडायची, आणि हे आपलं पांढरं उभं. कोणी ताटात वाढेल म्हणून वाट बघत. मी वाळवीचं ढेकूळ आणून फोडलं, तरी नुसतं बघतंय. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं एक पाय मारला. लंगड्या पायानं, वाकडा. मग दुसरा. मी ओरडलेच. पाड्यावरची आपली बारकी कारवीची मोळी घेऊन खाली येत होती, तिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, कोंबडीचा पाय हाय त्यो, उकरंल नाय तर काय नाचंल? पण घारीचं मात्र त्याला कळत नव्हतं. घार दिसून ठिपकीनं घसा खरवडला की सगळी पिल्लं बैलगाडीखाली पळायची, हे एकटं उघड्यावर मान वर करून आभाळ बघायचं. मी हातातलं टाकून धावायचे. आणि एक दिवस तेही पळालं. सगळ्यात शेवटी, पडत-धडपडत, पण पळालं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी गुळाचा भात केला. सूरजनं विचारलं, आज काय? मी म्हटलं, काही नाही, गप जेव.

पुढचं तुला सांगावंसं वाटत नाही, पण सांगते. ते भराभर वाढलं. ठिपकीची स्वतःची पिल्लं मुठीएवढी, तेव्हा हे तिच्याएवढं. आईच्या पंखाखाली मावेना, नुसतं डोकं आत खुपसून बसायचं. लंगडा पाय वजन पेलेना. एका दुपारी वाल्मिक आला तर ते अंगणाच्या मधोमध पांढरंशुभ्र बसलेलं, भोवती गावठी पिल्लं. लपवायला काही उरलंच नाही. त्याचा चेहरा पडला. पोरगा म्हणाला, काकी, आता मला वर सांगावंच लागेल. दोन दिवसांनी त्या पिल्लानं बसल्या जागी मान टाकली. शिकलं होतं सगळं, पण अंग त्याला साथ देईना. मी रडले गो. कोंबडीच्या पिल्लासाठी बाईमाणसानं रडावं का, तर रडले.

सूरज रागावून दोन दिवस शेडवरच जेवला. त्याचंही चुकलं नाही. शेड आहे म्हणून तो घरी आहे, नाहीतर भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पोती उचलत असता आणि महिन्यातून एकदा तोंड दाखवत असता. दोन पोरांतलं एक तरी डोळ्यांसमोर आहे. म्हणून मी भांडले नाही. चार कोंबड्या आणि ठिपकीची पिल्लं बारकीला वाट्याने दिली. कोंबडा गावदेवाला ठेवला होता, तोही तिच्याच खुराड्यात गेला. सूरज गमतीनं म्हणाला, देवाला शेडमधला देऊ एक. तशी बारकी म्हणाली, ज्यानं बांग दिली नाय, त्यो देवानं कसा घ्यावा? खरंच की. सव्वा महिन्यात बांग कुठून फुटणार!

बारकी ठिपकीलाही न्यायला तयार होती. मी दिली नाही. ठिपकी माझ्या आईच्या कोंबडीच्या वंशातली. माझं लग्न झालं तेव्हा तुझ्या आजीनं, धोंडीबाईनं, मला काय दिलं? दोन लुगडी, एक पातेलं आणि डालग्यात घालून एक कोंबडी. म्हणाली, भात नवऱ्याचा, दूध सासूचं, अंडं तेवढं तुझं, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. तुझी शाळेची पाटी, तुझी परीक्षेची फी, पायातली पहिली चप्पल, सगळं त्या अंड्यांतून आलं. तुझ्या लग्नात मीही डालगं तयार ठेवलं होतं. तू म्हणालीस, आई, कोंबडी नको गं, लोक हसतील. मलाही वाटलं, पोर बारावी शिकलेली, कोंबडी कशाला. म्हणून लोखंडी कपाट दिलं. आता त्या कपाटाची किल्ली विहीणबाईंच्या कमरेला असते, हे बाबांनी गेल्या खेपेला पाहिलं आणि मला सांगितलं.

भाऊबीजेला सूरज ओवाळून घ्यायला दुपारपर्यंत तुझ्यासाठी थांबला होता. मग तुझा फोन आला, वाण्याच्या दुकानात. तू म्हणालीस, घरात काम आहे, आणि मग अगदी हळू म्हणालीस, गाडीभाड्यालाही नाहीत गं. इतके प्रश्न पडणारी बाई मी, त्या दिवशी एकही सुचला नाही. तेव्हापासून हाच विचार करतेय.

तर ऐक. ठिपकी मी तुला देत नाही. दिली तर ती तुमच्या घराची होईल. मी ती तुला वाट्याने देतेय, आणि बाबा हे विहीणबाईंच्या समोर, ओसरीवर, चार माणसांत बोलतील. विहीणबाईंच्या स्वतःच्या दोन शेळ्या वाट्याने दिलेल्या आहेत, त्यांना रीत पक्की ठाऊक आहे. कोंबडी माझी, पोसणारी तू, पिल्लं अर्धी-अर्धी. आणि वाटा ज्यानं पोसलं त्यानंच धन्याच्या दारात पोचता करायचा, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही. त्याला नाही म्हणायची कोणाची टाप नाही. आज दिवे लागल्यावर अंडी मांड, अंधारात ठिपकीला वर बसव, दोन दिवस तिला हलवू नकोस. मांडून उरतील ती अंडी वीक, त्यातून आधी गाडीभाडं बाजूला ठेव, बाकीचं नंतर. पिल्लं पायावर पळायला लागली की माझा वाटा घेऊन ये. अंगणात आणायची नाहीत बरं, बारकीकडे ठेवू. एकच जगलं तरी ये. आणि समज, एकही फुटलं नाही, तर रीत अशी आहे की तेसुद्धा समोर येऊनच सांगावं लागतं.

वाट बघणारी,
तुझीच आई